बळवंतरावांचा पुतण्या

आमच्या समोरच्या जगदेवरावांना कुणी नुसता माणूस म्हणून भेटल्याचं मी कधी पाहिलं नाही. भेटलेला प्रत्येक जण कुणाचा तरी साडू असायचा, नाहीतर कुणाचा आतेभाऊ, नाहीतर ज्यांच्या धाकट्या सुनेचं माहेर इंदूरचं त्यांच्या शेजारचा. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तरी आधी गाव सांगावं लागे. मग जगदेवराव डोळे मिटून म्हणत, "म्हणजे पादरा गावाच्या अलीकडचं. तिथले एक जण आमच्या कचेरीत होते." तोवर सिलिंडर त्या बिचाऱ्याच्या खांद्यावरच.

बडोद्याच्या मराठी माणसाला ही खोड थोडीफार असतेच म्हणा. आमचे आजे-पणजे संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, भाजी गुजरातीत घ्यायला शिकले, पण मुलीचं लग्न काढलं की विचारपूस करायला तीच चार घरं. त्यामुळे फतेगंजच्या स्टॉपवर दोन मराठी माणसं भेटली की बस येईपर्यंत नातं निघतंच. जगदेवरावांनी मात्र या खोडीला हुद्द्यावर नेऊन बसवलं होतं. रावपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून ते आमच्या गोत्रीच्या सोसायटीत टेनामेंट, म्हणजे बैठं घर, घेऊन आले, तेव्हा मागच्या बाजूला अजून एरंडाची शेतं होती. एवढ्या लांब कोण येणार, असं आम्हांला वाटलं. पण लोक स्कूटर काढून यायचे. "ते लोक कसे आहेत हो?" असं विचारायचे. चहा संपेपर्यंत जगदेवराव बोलत नसत. कप बशीत ठेवला की म्हणत, "द्यायला हरकत नाही." एवढ्यावर माणसं पत्रिका छापायला टाकत.

त्यांच्या पत्नी वसुंधरावहिनी या कारभारात पडत नसत. शेजारी बसून डाळ निवडत, आणि डाळीतला खडा तसाच बोलण्यातलाही खडा न बोलता बाजूला काढून ठेवत.

त्या वर्षी वहिनींनी समुद्राचा हट्ट धरला. ज्याच्या त्याच्या दारात मारुती येऊन उभी राहण्याचे ते दिवस. सोसायटीतले निम्मे लोक सुट्टीला दमणला जायचे आणि परत येताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू असायचं. गुजरातेत दारूबंदी, दमणमध्ये दुकानांच्या रांगा. समुद्र बघायला गेलो होतो म्हटलं तरी ऐकणारा डोळा मिचकावणारच. जगदेवरावांना याचीच धास्ती. जायच्या आधी आठवडाभर ते घरोघर खुलासा करत हिंडले, की आम्ही किल्ला बघायला जातोय.

मी म्हटलं, "जगदेवकाका, आमच्यासाठीही आणा किल्ला. अर्धा मिळाला तरी चालेल."

"प्रतिमाबाई, तुमच्या जिभेला काही हाड," असं म्हणून ते निघून गेले.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं गेली. रात्री फार उशिरा परतली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरून विचारलं, "कसा होता किल्ला?"

"बंद होता," जगदेवराव म्हणाले आणि आत गेले.

किल्ला बंद असतो हे मला नवीनच होतं. पण वहिनींचा चेहरा पाहिला आणि मी, मी असूनही, पुढे काही बोलले नाही. तिथे काय झालं ते मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच लिहिते.

दुपारपर्यंत सगळं छान झालं. वहिनींनी पाय भिजवले, नारळपाणी प्यायल्या, किल्लाही पाहिला, तो उघडाच होता. संध्याकाळची गाडी वापी स्टेशनवरून होती आणि दमणहून वापीला जायला रिक्षा मिळेना. रविवारची गर्दी, भाव तिप्पट. दोघं देवका नावाच्या किनाऱ्याजवळ रस्त्यावर उभी राहून मराठीत एकमेकांवर चिडत होती. तेवढ्यात एक पांढरी मारुती व्हॅन पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. चालवणारा तिशीतला, उंच, गोरा, कपाळाला गंध.

"काका, स्टेशनला का? बसा ना, मी तिकडेच चाललोय," तो मराठीत म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "नको, रिक्षा येईल."

जगदेवरावांनी मात्र गाडीचा नंबर पाहिला होता. जी जे सहा, म्हणजे बडोदं. परगावी आपल्या गावचा नंबर दिसला की आम्हा लोकांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

"बडोद्याचे का तुम्ही?"

"हो हो, बडोद्याचाच."

"बडोद्यात कुठे? रावपुरा?"

"रावपुराच."

"टॉवरच्या इकडे का मागे?"

"मागेच की."

"मागे म्हणजे..." जगदेवरावांनी डोळे मिटले. वहिनी सांगतात, त्यांनी डोळे मिटले तेव्हाच मी जाणलं, आता नातं निघणार. "अरे, तू बळवंतरावांचा पुतण्या तर नव्हेस? क्षितिज? रिफायनरीत लागला तो?"

तो माणूस क्षणभर बघत राहिला. मग हसला. "काका, ओळखलंत की."

झालं. बळवंतराव म्हणजे जगदेवरावांच्या रावपुऱ्यातल्या दिवसांतले जिवाभावाचे स्नेही. क्षितिजला त्यांनी शेवटचं पाहिलं ते मुंजीत, चकोट केलेला आणि रडणारा. पण आता गाडी परक्याची राहिली नव्हती. दोघं मागे बसली. पायाशी खोकी होती, त्यांवर चादर. "काकू, पाय जरा वर घ्या, लोणच्याच्या बरण्या आहेत," तो म्हणाला. वाटभर जगदेवरावच बोलत होते. बळवंतरावांचा दमा कसा आहे, जिन्याचा निळा कठडा तसाच आहे का, थोरल्या काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का. तो हो म्हणे, बरं आहे म्हणे, झालं म्हणे.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, हा आपल्याला काहीच विचारत नाहीये."

"लाजतोय. घराण्याचं वळण आहे."

"बडोद्याचा असता तर आत्तापर्यंत तुमचं आडनाव, माझं माहेर, सगळं विचारून झालं असतं."

खडा बाजूला निघाला होता. जगदेवरावांनी तो पाहिलाही नाही.

दमणची हद्द संपते तिथे नाका आहे. बाटल्यांसाठी गाड्या तपासतात. हवालदारानं वाकून आत बघितलं, मागे पांढऱ्या केसांचं जोडपं बसलेलं दिसलं, आणि त्यानं "जवा दो" म्हणून हात हलवला. गाडी सुटलीच होती. पण समोर माणूस उभा आहे आणि त्याची ओळख न काढता पुढे जायचं, हे जगदेवरावांच्या रक्तात नाही. खिडकीतून डोकं काढून त्यांनी गाव विचारलं, "तमे क्यांना, भाई?"

हवालदार थांबला. "धरमपुरनो. केम?"

"अमे बडोदाना. आ अमारा बळवंतरावनो भत्रीजो. रावपुरानो."

"रावपुरा?" हवालदार खूश झाला. त्याचा मेहुणा तिथेच राहायचा. त्यानं पुढे येऊन चालवणाऱ्याला विचारलं, रावपुऱ्यात कुठे?

चालवणाऱ्यानं मागे वळून जगदेवरावांकडे पाहिलं. स्वतःच्या घराचा पत्ता विचारायला.

जगदेवरावांनी तो सांगितलाही. टॉवरच्या मागे, निळा कठडा. पण हवालदाराचं हसू तोवर गेलं होतं. त्यानं त्याला खाली उतरायला सांगितलं. लायसन मागच्या पिशवीत आहे असं म्हणत तो उतरला, गाडीच्या मागून गेला, दोन ट्रकांच्या मधून गेला, आणि गेला तो गेलाच. चादर उचलली तेव्हा खोक्यांत लोणचं नव्हतं.

चौकीत बाकावर बसवलं. समोरच्या टेबलावर बाटल्या मांडल्या, हळदीकुंकवाला वाण मांडावं तशा. नाक्यावर थांबणाऱ्या प्रत्येक बसमधून लोक वाकून बघत होते. वहिनींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, आयुष्यात पहिल्यांदाच. साहेबानं गुजरातीत विचारलं, काका, त्या माणसाला तुम्ही ओळखता की रस्त्यात भेटला?

खरं तर उत्तर सोपं होतं. रस्त्यात भेटला, लिफ्ट दिली, बसलो. पण ते बोलायचं म्हणजे काय? लोकांच्या मुली कुठे द्यायच्या ते सांगणारा माणूस बायकोला घेऊन कुणाही परक्याच्या गाडीत बसला, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. आणि तेही दमणला, बाटल्यांसमोर.

"ओळखतो," जगदेवराव म्हणाले. नाव सांगितलं, काकांचं नाव सांगितलं, रिफायनरी सांगितली, निळा कठडासुद्धा सांगितला.

वहिनींनी कोपर मारलं. "तुम्हाला खात्री आहे का?"

"मी माणूस ओळखत नाही का?" असं म्हणून त्यांनी जबानीवर सही केली. साहेबानं दोघांचं वय बघून त्यांना सोडलं. पॅसेंजर गाडीत उभ्यानं दोघं बडोद्याला आली.

पुढच्या आठवड्यात मी बातमी घेऊन त्यांच्या घरात शिरले. माझ्या बातम्या ताज्या असतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. "ऐकलंत का काका? तुमच्या बळवंतरावांकडे पोलीस. त्यांच्या पुतण्याला विचारायला. दारूची काहीतरी भानगड."

वहिनींनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. मला वाटलं, जुन्या स्नेह्यांसाठी वाईट वाटलं.

तसं बघितलं तर काहीच झालं नव्हतं. त्या रविवारी क्षितिज रिफायनरीत संध्याकाळच्या पाळीला होता. पोलिसांनी तिथे फोन करून खात्री केली, गाडीचा नंबर खोटा निघाल्याचंही सांगितलं, चहा घेतला आणि गेले. पण चहा आत घेतला, जीप मात्र बाहेर उभी होती, आणि जीप अख्ख्या रावपुऱ्यानं पाहिली.

वेळही वाईट. क्षितिजचा साखरपुडा ठरला होता, फतेगंजच्या जयवंतरावांच्या अवंतीशी. आणि मुलीचा बाप अशा वेळी कुठे येणार? आमच्या समोरच. मी त्या संध्याकाळी वाटी परत करायला गेले होते. आता कुणाची वाटी आणि कधीची, ते विचारू नका.

जयवंतराव कोचाच्या टोकावर बसले होते. "बळवंतरावांना तुम्ही आधीपासून ओळखता. घराणं कसं आहे?"

"उत्तम," जगदेवराव म्हणाले.

"मग पोलीस?"

"काहीतरी गैरसमज झाला असेल."

"पोलीस जिन्याचा निळा कठडा विचारत आले. गैरसमजाला तो कसा ठाऊक? कुणीतरी माहीतगारानं नाव दिलं म्हणतात."

जगदेवराव कपातल्या चहाकडे बघत होते. चहा कधीच संपला होता.

"माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही," जयवंतराव म्हणाले. "तुम्ही नेहमीसारखं एवढंच म्हणा. द्यायला हरकत नाही. मी बाकी काही बघत नाही. निघतो."

मला वाटलं, आता म्हणतील. जगदेवरावांचे ओठ हलले. पण चौकीत 'ओळखतो' म्हणून बसलेल्या तोंडातून ते शब्द निघेनात. कप बशीत ठेवला तो वाजला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

जयवंतराव सावकाश उभे राहिले. ज्या माणसाला गॅसवाल्याचं गाव माहीत असतं, तो बळवंतरावांच्या पुतण्याबद्दल माहीत नाही म्हणतो, याचा अर्थ सगळ्या बडोद्यात एकच होतो. "समजलो," ते म्हणाले. "उपकार झाले तुमचे." स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून वळला.

मग वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी तिथे आहे हे त्यांना दिसत होतं. तरी बोलल्या. "काय केलंत हे? त्या मुलाचं नाव पोलिसांना तुम्ही दिलं. आता लग्नही मोडून दिलंत."

असं ते माझ्या कानावर आलं. एखादी गोष्ट सगळ्यांत आधी कळल्याचा आनंद मला व्हायला हवा होता, पण समोर जगदेवराव दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले होते, एखाद्या मुलाला वर्गाबाहेर बसवावं तसे. थट्टा करावी असं काही दिसेना.

"मला वाटलं होतं आपोआप मिटेल," ते म्हणाले.

"मिटलं ना. त्या मुलाचं मिटलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांची चप्पल आणून दारात ठेवली.

ते उठले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही चला, प्रतिमाबाई. तिथे जाऊन मी गोड करून सांगायला लागलो तर तुम्ही बोला. तुम्हाला गोड बोलता येत नाही."

रिक्षात आम्ही तिघं. गोत्रीपासून रावपुऱ्यापर्यंत जगदेवरावांनी रिक्षावाल्याला कुठला म्हणून विचारलं नाही. रिक्षावाल्यानंच शेवटी विचारलं, "काका, तबियत बराबर नथी?"

निळ्या कठड्याचा जिना चढलो. दार एका बुटक्या, सावळ्या तरुणानं उघडलं. जाड भिंगाचा चष्मा, दाढी वाढलेली. जगदेवरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नेहमीच्या रुबाबाचा शेवटचा तुकडा गोळा करून विचारलं, "क्षितिज आहे का घरात?"

"मीच क्षितिज," तो म्हणाला. "आपण कोण?"

वहिनींनी कठडा धरला. मी खाली बघितलं. जगदेवराव उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. ज्याचं नाव, गाव, नोकरी सांगून ते सही करून आले होते, तो समोर उभा होता आणि त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आत झोपाळ्यावर बळवंतराव बसले होते. "कोण, जगदेव? आत ये ना. बाहेर का?"

ते आत आले, पण बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. सुरुवात रिक्षा मिळत नव्हती इथून झाली, मी खाकरले. मग ते एकदम मूळ गोष्टीवर आले. "बळवंत, पोलिसांना नाव मी दिलं. तो माणूस मला रस्त्यात भेटला. त्यानं स्वतःचं नावही सांगितलं नव्हतं, मीच त्याला तुझा पुतण्या केला. चौकीत लाज वाटली म्हणून तेच पुढे रेटलं. आणि आज जयवंतराव विचारायला आले, तर माहीत नाही म्हणालो."

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. बळवंतरावांचा दम्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. क्षितिजनंच विचारलं, "काका, दिसायला कसा होता तो?"

"उंच होता. गोरा."

"मग तुम्ही माझी शिफारसच केलीत म्हणायची," क्षितिज म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण मधेच आवाज फाटला आणि तो आत निघून गेला. ते हसणं जगदेवरावांना चौकीतल्या बाकापेक्षा जास्त लागलं, असं वहिनी म्हणतात.

बळवंतरावांनी कोपऱ्यातल्या फोनकडे बोट केलं. "जयवंतरावांचा नंबर पाठ आहे तुला. सगळ्यांचे असतात."

जगदेवरावांनी नंबर फिरवला. आम्हां सगळ्यांसमोर, दारात जमलेल्या दोन शेजारणींसमोर, पहिल्यापासून सांगितलं. पलीकडून बहुतेक विश्वास बसेना, कारण त्यांना पुन्हापुन्हा म्हणावं लागत होतं, "नाही, मीच. हो, मीच बसलो. हो, बायकोला घेऊन." शेवटी ते म्हणाले, "मुलगा कसा आहे ते मला विचारू नका. मुंजीनंतर मी त्याला आज पहिल्यांदा बघितलं. तुम्ही या आणि त्याला भेटा." फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"चहा घेऊन जा," बळवंतराव वहिनींना म्हणाले. जगदेवरावांना म्हणाले नाहीत. वहिनींनीही नको म्हटलं.

परतताना रिक्षात जगदेवराव म्हणाले, "प्रतिमाबाई, जीप जेवढ्या लोकांनी पाहिली तेवढ्यांपर्यंत मला काही जाता येणार नाही. तुम्हाला येईल."

"म्हणजे?"

"सांगा सगळ्यांना. चवीनं सांगा, हसू दे लोकांना. फक्त माझं नाव गाळू नका. मी गळलो की पुन्हा त्या मुलाचंच राहील."

आजवर मला कुणी असं काम सांगितलं नव्हतं. सगळे आपले, कुणाला सांगू नका हं, असंच म्हणतात. मी नेटानं केलं. रावपुऱ्यात भाजीवालीपासून सुरुवात केली आणि फतेगंजच्या लायब्ररीपर्यंत पोचवलं.

दिवाळीनंतर साखरपुडा झाला. जगदेवरावांकडे आमंत्रण आलं, पण पोस्टानं आलं. अक्षत घेऊन घरी कुणी आलं नाही. पाकीट वहिनींनी देवाजवळ ठेवलं आणि दोघं गेली. ती मागच्या रांगेत, पंख्याखाली बसली. शेजारच्या कुणीतरी सवयीनं विचारलं, "ते कोपऱ्यातले पगडीवाले कोण हो, जगदेवराव?" ते म्हणाले, "समोरच बसलेत. त्यांनाच विचारा."

आता त्यांच्याकडे स्कूटरी येत नाहीत. संध्याकाळी ते सोसायटीच्या बाकावर बसतात, आणि कुणी नवीन भाडेकरू आला की मी त्यालाही दमणची गोष्ट सांगते, त्यांच्या देखत. आता ऐकणारे फार हसतात. जगदेवराव जमिनीकडे बघत ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. फक्त कधी मी रंगात येऊन म्हणून जाते, की त्या लबाडानं आपण बळवंतरावांचा पुतण्या असल्याचं सांगून जगदेवरावांना फसवलं, तेव्हा ते मान वर करतात.

"त्यानं नाही सांगितलं," ते म्हणतात. "मी सांगितलं."